समासातला आकडा

बाबा, म्हणजे नहूम रावजी खरात,
अंबड रस्त्याच्या दोन्ही अंगांना
शंभरावर विहिरींना सुरुंग लावलेला माणूस,
रविवारी देवळात घंटा वाजवायचा.
दोन्ही कामं त्याला एकाच जातीची वाटायची:
एक पेटवायचं, एक ओढायचं,
आणि आवाज झाला की बाजूला व्हायचं.

घरात एक इंग्रजी पुस्तक होतं,
मिशनच्या मडमेनं जाताना पणज्याला दिलेलं.
पणजा तिचा खानसामा. वाचता कुणालाच येईना.
पण पहिल्या पानाच्या समासात, बारीक,
चार, शून्य, शून्य, चार.
आकडे तर बाबाला येत.
येशूच्या आधी तितकी वर्षं,
तेव्हा झालं सगळं, सहा दिवसांत,
मातीचा माणूस सगळ्यात शेवटी.

माती हा शब्द तो सावकाश म्हणायचा.
गावात आमच्यासाठी दुसरी गोष्ट होती:
कोण तोंडातून निघाला, कोण पायातून,
आणि पायाखाली उरलं ते आम्ही.
तौरांची जुनी विहीर ह्याच पणज्यानं खणली,
ऐन जवानीत,
आणि पाणी लागलं त्या दिवसापासून
त्याला काठ बंद.
अशा माणसाला कुणीतरी येऊन सांगितलं,
सगळे एकाच ढेकळाचे, फुंकरही एकच.

मी औरंगाबादला भूगर्भशास्त्र शिकलो
आणि नाताळात घरी येताना
साडेसहा कोटी वर्षं घेऊन आलो.
जेवताना सगळ्यांच्या पुढ्यात टाकली.
वीस वर्षांचा होतो. बापाचा आकडा खोडण्यात
कसली चैन वाटली होती.
बाबा म्हणाला, भाकर खा.

उन्हाळ्यात तौरांच्याच मळ्यात, नव्या विहिरीत,
सहाव्या परसाला,
दोन काळ्या थरांमधल्या राखाडी पट्ट्यात
त्याला शंख सापडला.
करंगळीच्या नखाएवढा. दगड झालेला.
रेव्हरंड शिनगारे हरखले.
जलप्रलय! पुरावाच की हा, म्हणाले,
रविवारी उपदेशात दाखवतो.
बाबानं हात पुढे करून शंख परत मागितला.
"सायेब, वर आगीचा दगड, खाली आगीचा दगड,
मधी तळं. निवांत, गोड्या पाण्याचं.
चाळीस दिवसांचं काम न्हाई हे.
मी फोडलाय तो दगड. त्याला घाई नव्हती."

त्या रविवारी घंटा उशिरा वाजली.

रात्री कंदील माझ्याकडं सरकवून म्हणाला,
"तुझा आकडा खरा असंल.
समासातला तर मागून कुणी छापलेला.
खोड तो. पण माती खोडू नको, लेका.
तुझ्या पुस्तकात आपण कुठून आलो?"
सगळे एकाच मुळातून, मी म्हणालो.
"तौर पण?"
तौर पण.
"वानरं पण?"
हो.
"मंग चालतंय," म्हणाला,
आणि तौर नि वानर एका ओळीत बसवून
कितीतरी वेळ एकटाच हसत राहिला.

मला ते चालतंय पुरलं नाही. अजून पुरत नाही.
एवढ्या विहिरी, एवढ्या कपारी बघितल्या,
फुंकरीचा थर कुठं लागला नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्यानंही विचारलं नाही,
आणि त्याला ते माहीत नसेल, असं नाही.

मार्चमध्ये त्याला पुरलं.
चार फुटांवर पहार खणकन वाजली. काळा दगड.
आणखी खाली जायला सुरुंग हवा होता,
आणि लावणारा वर, पेटीत.
नव्या तरुण पाळकानं मातीचं ते वाक्य म्हटलं.
मी मूठ भरली.
मुरूम. माती होत आलेला लाव्हा.
त्याचं वय माझ्या जिभेवर आलं होतं.
सलोमी आत्यानं मनगट धरलं.
"हळू टाक," म्हणाली,
"खडे हायेत त्यात."